आवाज माझाच

रविवार, संध्याकाळ. कवठे महांकाळ.

मारामारीच्या गेमवरचा माझा व्हिडिओ तयार झाला आणि एडिटिंग करणारा समीर फोनवर म्हणाला, "आवाज पुण्याच्या मुलीचा घेऊ. तुझं 'हाय', 'न्हाई' ऐकून लोक हसतात."

हसतात, खरंय. पण म्हणून माझे शब्द दुसरीच्या तोंडी?

फौजेतून निवृत्त झालेले आबा शेजारी बसून माझ्या आवाजातला तो व्हिडिओ बघत होते. आजवर या गेमला पोरखेळ म्हणणारे. अचानक म्हणाले, "म्हंजी ह्यो गडी भ्यालेला न्हाई, समोरच्याला दमवतोय, व्हय?"

"व्हय आबा!"

पहिल्यांदाच त्यांना गेम कळला. तोही माझ्या बोलण्यातून. 'न्हाई'सकट!

समीरला परत फोन करून सांगितलं, "आवाज माझाच ऱ्हाणार. तुला न्हाई जमलं तर एडिटिंगबी मीच शिकीन."

फोन ठेवला आणि मी व्हिडिओ चॅनलवर चढवला. हसू देत लोकांना.