दादाच्या घरचं लाकूड

लेस्टर, ६ जानेवारी २००५

चि. यमूस दादाचे अनेक आशीर्वाद.

कौस्तुभकडे मी मजेत आहे. थंडीत नाक जागेवर आहे का, ते मात्र चाचपून बघावं लागतं. शेजारचे म्हातारबुवा वारले, त्यांना काल, बाराव्या दिवशी पोचवलं! आधी डॉक्टरचा दाखला, मग त्यांच्या मुलानं वेळ ठरवून नोंदणी कचेरीत जायचं, तिथून हिरवा कागद आणायचा. दहन म्हणून आणखी एका डॉक्टरची सही. तोवर म्हातारबुवा शीतपेटीत. शेवटी स्मशानात अर्धा तास मिळाला. नंतर सँडविच होतं, बरं होतं.

कौस्तुभला सहज विचारलं, माझं काय करशील रे? म्हणाला, बाबा, इथंच करू. गावी न्यायचं तर जस्ताची पेटी, हाय कमिशनचं पत्र, पासपोर्ट रद्द करायचा, भानगडी फार. कायमचं इथं राहण्याचा अर्ज त्यानं टेबलावर ठेवलाय, माझी सही तेवढी राहिलीय. पोराचा जीव तुटतो गं. काय करू, कळव. आठवण ठेव.

तुझा दादा

गास, २० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अगं बाई, बारा दिवस! आपले काळूरामकाका गेल्या मंगळवारी सकाळी गेले. डॉक्टरनं तिथंच चिठ्ठी लिहिली आणि दुपारी बाराला मंडळी परत येऊन आंघोळीला. पंचायतीत नोंदीसाठी त्यांचा कल्पेश तीनदा गेला, तिन्ही वेळा ग्रामसेवक गायब. काका अजून कागदावर ठणठणीत आहेत.

रीतीप्रमाणे चितेसाठी घरटी एक लाकूड निघालं. तुझ्या दाराला कुलूप. गोळा करणाऱ्यांनी मला विचारलं, हे घर आता धरायचं की सोडायचं? असा संताप आला! माझ्या पडवीतला आंब्याचा ओंडका उचलला आणि हे दादाच्या घरचं म्हणून दिला. आत येऊन मात्र रडले. सहीचं तू ठरव, मी कोण सांगणार? पुढच्या खेपेला लोकांना काय सांगू, तेवढं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी यमुना

लेस्टर, १ फेब्रुवारी

चि. यमूस आशीर्वाद.

तुझं पत्र कौस्तुभला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आई गेली तेव्हा धो धो पाऊस होता, तरी सगळ्या घरांनी माळ्यावरची कोरडी लाकडं काढून दिली होती. अर्ज त्यानंच खणात टाकला आणि माझं तिकीट काढलं. बावीसला पोचतो. खिडकीची जागा मिळालीय, पेटीतून आलो असतो तर कुठली मिळायला!

लोकांना सांग, दादाचं घर धरा. आल्यावर परसातला वाळका आंबा पाडू. एक ओंडका तुझा तुला परत, एक माझ्यासाठी पडवीत राहू दे. तो उचलायला कौस्तुभ येणार आहे, तसं कबूल केलंय. विमानानं यायला त्याला एक दिवस लागेल, तेवढं मला थांबवून ठेवा. बारा नको.

लोभ आहेच, आता चहा टाक.

तुझा दादा