आत्या, या गाडीला सोमवार नाही

प्रिय आत्या,

रागावू नकोस, हे पत्र लिहायला मला आठ महिने लागले. तू गेल्याचं कळलं त्याच दिवशी औरंगाबादला कार्ड घेतलं होतं. "प्रिय आत्या" एवढं लिहिलं आणि पुढं काही सुचेना. मग त्याच कार्डावर एका मोटरचं माप लिहिलं, मागं चाकाचं चित्र काढलं. कार्ड भरलं, पत्र राहिलं! तू म्हणायचीसच, "ह्या शिवाच्या पायाला भिंगरी, आन् डोक्यालाबी."

आज मात्र लिहायलाच पाहिजे. आज सोमवार, बाजाराचा दिवस. वेशीतल्या लिंबाखाली मी केलेल्या गाडीत बसून लिहितोय. गाडी तयार आहे, भाजीवाल्या बाया तयार आहेत, आणि आण्णांनी गाडी हलवायची नाही म्हणून बजावलंय. माझा बाप असला तरी तुझा धाकटा भाऊच ना तो! तूच काहीतरी सांग की त्याला.

गाडी कसली, ते आधी सांगतो. मी कारखान्यात माल उचलायला होतो ना, तिथं एक बॅटरीवरची गाडी होती. धूर नाही, आवाज नाही, मोठाले खोके घेऊन मांजरासारखी चालायची. तिथं चहाचंही मशीन होतं, बटण दाबलं की कप भरायचा! ते राहू दे.

ती गाडी बघून मला तू आठवलीस. हसू नकोस! सोमवारी आपल्या बैलांना सुट्टी. महादेवाचा वार, नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही आपल्या घरची रीत. आणि बाजार नेमका सोमवारचा. मग वांग्यांची पाटी तुझ्या डोक्यावर. बांधावर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायचीस, "अय बाबा, जरा उचलू लाग!" मीही कितीदा उचलू लागलो आणि लगेच विहिरीवर पोहायला पळालो. तुझ्याबरोबर बाजारापर्यंत एकदाही आलो नाही, आत्या.

एकदा तू आण्णांना विचारलंस, "बैलाला सोमवार हाय, मग बाईला कावून न्हाई रे?" आण्णा खाली मान घालून दावं वळत बसले.

मी गावी पोचलो तोवर तुझ्या समाधीवरची माती वाळली होती. ते टोचतं मला. पण रडत बसलो असतो तर तूच चुलीतलं लाकूड घेऊन उठवलं असतंस! म्हणून परत गेलो, कारखाना सोडला, भंगारातून तसलीच एक छोटी मोटर मिळवली आणि गोणीत घालून घाटनांदूरला रेल्वेतून उतरलो. स्टेशनावर लोक म्हणाले, पोरगं भांडीकुंडी घेऊन आलं, आता लगीन करतंय.

गनी वेल्डर आठवतो ना? त्यानं सांगाडा जोडून दिला. पहिली गाडी मी उंच केली, ऐटदार. पहिल्याच वळणाला टमाट्यांसकट ओढ्यात! गनी काठावर बसून हसतोय, "अबे, गाडी बनवली का मचाण?"

मग पाटी उचलताना आधी टेकवायचीस तो तुझा गुडघा आठवला. फळी तेवढ्याच उंचीवर घेतली, म्हणजे पाटी ठेवायला कुणी उचलू लागायला नको. ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या तळाशी बसवल्या, गाडी कलंडायची थांबली. वर ओलं गोणपाट टाकलं, कोथिंबीर सुकायला नको. बॅटऱ्या गिरणीत चार्ज होतात. वीज असली तर!

बाया म्हणाल्या, "न्हाई बाबा, मेथीला करंट लागंल." मग मी गाडीतली मेथी सगळ्यांसमोर कच्ची खाल्ली. जुडीभर! तोंड अजून कडू आहे.

एक अडचण राहिली. गाडीला आवाजच नाही, माणसं दचकायची. म्हणून आपल्या पवळ्या बैलाची घुंगुरमाळ पुढं बांधली. वर हौसेनं भस्माचे पट्टे ओढले, नारळ फोडला. तिथंच चुकलो!

काल आण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "घुंगुरमाळ हाय, भस्म हाय, शिंगाच्या जागी दांडा हाय. मंग ह्यो बैलच झाला की. सोमवारी न्हाई जुंपायचा."

मी मुकाट्यानं माळ सोडली.

"माळ सोडली म्हणून पवळ्याचा बोकड होतो व्हय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं. पण सोमवारी न निघणारी गाडी काय कामाची गं? त्या एका दिवसासाठीच तर हा सगळा खटाटोप! तसंच निघावं, तर तूच म्हणशील, "बापाचं मन मोडून गाडी हाकतो का रे?"

ऊन वर आलंय. बायांनी दोनदा गोणपाटावर पाणी मारलं. दोघीजणी पाटी डोक्यावर घेऊन चालत निघाल्यासुद्धा, तुझ्यासारख्याच.

एक शब्द देतो, आत्या. आण्णा हो म्हणेपर्यंत मी गाव सोडणार नाही. पायातली भिंगरी खुंटीला टांगली म्हण. आणि ज्या सोमवारी गाडी निघेल, त्या दिवशी पहिली पाटी बाजारात तुझ्या जागेवर उतरवीन. दिवसभर तिथंच बसेन. विहिरीवर पळणार नाही.

तुझी भिंगरी,
शिवा

ता. क. थांब, थांब! पत्राची घडी घालतोय तोच आण्णा आले! डोक्यावर वांग्यांची पाटी, पाटीखाली तुझीच चुंबळ! जन्मात कधी डोक्यावर ओझं घेतलेलं नाही, मान ताठ, पाय वाकडे, घामानं सदरा भिजलाय. बाया हसायचंही विसरल्या. आणि मला म्हणतात, "लिहीत काय बसलास? उतरव की आधी. मान मोडली माझी. बैल गोठ्यातच हायत, चल."