मावशीला हळवी म्हटल्याबद्दल

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार, दाराबाहेरूनच. गुडघा कसा आहे असं विचारणार होतो, पण तेसुद्धा मी छापण्यासाठी विचारतोय असं तुला वाटेल, म्हणून विचारत नाही. (काकांना विचारलं. जिना उतरताना दुखतो म्हणाले.)

चूक माझीच आहे. फक्त ती कशी झाली तेवढं ऐकून घे. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत पूर्वी शब्दाच्या वापराची वाक्यं आम्हीच मनाने रचायचो, आणि त्यांत नुसते राजे आणि हरणं असायची. नव्या संपादकबाईंनी नियम लावला : वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं पाहिजे, ते कार्डावर उतरवायचं आणि खाली म्हणणाऱ्याची सही घ्यायची. माझ्या वाट्याला ‘हळवा’ आला. ‘ज्याच्या मनाला चटकन लागतं असा’ हा अर्थ लिहायला पाच मिनिटं लागली; वाक्याला तीन आठवडे. ‘संवेदनशील कोण?’ म्हटल्यावर कचेरीत तिघांनी हात वर केले होते. ‘हळवं कोण?’ म्हटल्यावर टंकलेखिकेने कामात डोकं खुपसलं आणि शिपाई म्हणाला, “आमच्यात नाही बुवा कुणी तसलं.” संवेदनशील म्हणवून घ्यायला माणसं टपलेली असतात आणि हळवं म्हटलं की भांडायला उठतात, हे मी टिपणात लिहिलं होतं. बाईंनी खोडलं. (आता त्यांना पटलंय. तुझ्यामुळेच.)

अशात त्या रविवारी मी तुझ्याकडे जेवत होतो. तू आत होतीस आणि काका म्हणाले, “तुझी मावशी दिसायला कडक, पण भारी हळवी. गाडी चालवण्याच्या परीक्षेत कुणाला नापास केलं की घरी येऊन भांडी घासत रडते.” कार्ड माझ्या खिशातच होतं. काकांनी डाव्या हाताने सही केली (उजवा जेवत होता).

वाक्य शब्दकोशाच्या नमुन्याच्या पुस्तिकेत छापून गावभर गेलं. गाडीची परीक्षा घेणारी बाई इथे एकच आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. उमेदवारांच्या मात्र लगेच आलं. काका सांगतात, पहिला आला तो हाताला पट्टी बांधलेल्या सासूला मागच्या सीटवर बसवूनच. दुसऱ्याने पट्टा लावला तो हुंदका देत. तिसरा, तो बेकरीवाला, गाडी मागे घेताना इतका रडला की त्याला आरसा दिसेना आणि दोन खांब आडवे झाले. तू त्या दिवशी अकरा जणांना नापास केलंस. त्यांत एक नर्स होती. तिने गाडी अप्रतिम चालवली, पण मध्येच रुमाल डोळ्यांना लावला. मावशी, तिला सर्दी होती गं. त्या संध्याकाळी तुझ्या घरातली सगळी भांडी, धुतलेलीसुद्धा, पुन्हा घासली गेली असं समजतं.

त्यानंतर तुझी चिठ्ठी आली : ‘मी मुळीच हळवी नाही. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकशील तर बघ!’ चिठ्ठीवर दोन ठिकाणी शाई पसरली आहे. पाऊस लागला असेल. (त्या आठवड्यात पडला नव्हता, पण मी वाद घालत नाही.)

माझं म्हणशील तर मी तसा घट्ट मनाचा आहे. गेले चार रविवार ओट्याशी उभ्यानेच जेवतो, काही फरक पडत नाही. उलट वेळ वाचतो.

काकांना नमस्कार. त्यांच्याशी तरी बोलतेस ना?

तुझा (तू म्हणशील तर)
भाचा

ता. क. सोबत कोरं कार्ड जोडलं आहे. काकांचं वाक्य मी काढून टाकतो, पण त्या जागी दुसरं हवं. ‘मी मुळीच हळवी नाही’ याहून चांगला वापर मला चाळीस वर्षांत मिळणार नाही. खाली सही करून शुक्रवारपर्यंत पाठव.

ता. क. २. शुक्रवारी नाही जमलं तर सोमवारी चालेल. स्वतः आणून दिलंस तर बुधवारीसुद्धा.

ता. क. ३. खरं सांगतो. पान कालच छापखान्यात गेलं. त्यात वाक्य संपादकबाईंचं आहे : ‘मावशी बोलत नाही म्हणून तो महिनाभर एकच पान तपासतोय, हळवा आहे बिचारा.’ कार्डाखाली सही त्यांचीच हवी होती. चुकून मीही करून बसलो. तेव्हा तुझी सही कुठेच लागणार नाही. रविवारी साडेबाराला बेल वाजवीन. तेवढं दार उघड.