गोळीवर कॅप्सूल

६ नोव्हेंबर २०१७, चिखली

पुन्हा तेच! बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, नायटा झालाय, तर नवऱ्यानं, नीळकंठनं, आपल्याच मेडिकलमधून बुरशीवरच्या कॅप्सूल काढून दिल्या. डॉक्टरांना विचारणं नाही. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी तीन वर्षं चालू आहे. मी म्हटलं, या दोन एकत्र चालत नाहीत. तर गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "काऊन शिकवून राह्यली मले? लायसन माह्या नावावर हाये."

लायसन त्याचं. बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. माझी — काउंटर पुसायला!

७ नोव्हेंबर

कोणी ऐकत नाही, इथे तरी लिहिते. बाबांची गोळी यकृताच्या पेशीतलं एक एन्झाइम अडवते. पेशीत कोलेस्टेरॉल कमी बनतं, मग पेशी ते रक्तातून ओढून घेते. कॅप्सूलची रीतही तीच — बुरशीला तिच्या पेशीच्या आवरणाची चरबी बनवू देत नाही. इथवर छान! पण ही कॅप्सूल बाबांच्या यकृतातलं दुसरंच एक एन्झाइमही अडवते, गोळीचा निचरा करणारं. गोळी रक्तात साठत जाते, स्नायू तुटायला लागतात आणि त्यांचा गाळ किडन्या बंद पाडतो. हे कळायला लायसन लागत नाही.

१२ नोव्हेंबर

बाबांच्या मांड्या ठणकताहेत. बोंडअळीनं बीटीची वाट लावली, उरलेला कापूस वेचायला माणसं मिळेनात, म्हणून बाबा स्वतःच जातात. सासूबाई म्हणाल्या, "वेचणीत कोनाचे पाय दुखत नाही वं?" खरंय. या दिवसांत अख्ख्या गावाचे दुखतात. म्हणूनच कोणाला कळणार नाही.

नीळकंठला पुन्हा सांगितलं. तो टीव्ही बघत राहिला.

१३ नोव्हेंबर

आता बोलणार नाही. मरू दे!

१७ नोव्हेंबर

लघवी काळ्या चहासारखी. बाबांना उठून बसता येईना. बुलढाण्याला आणलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, शेतात कीटकनाशकाची फवारणी केली होती का? नीळकंठ लगेच — "हाव." केली होती, दीड महिन्यापूर्वी! कॅप्सूलचं नाव काढलं असतं तर दुकान गेलं असतं. मीही शेजारी उभी राहून गप्प. थू माझ्यावर.

१८ नोव्हेंबर

सांगितलं. दोन्ही पाकिटं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "हे काल सांगायचं होतं." बाबांचं डायलिसिस सुरू झालंय. किडन्या किती सावरतील, ते सांगत नाहीत.

१९ नोव्हेंबर

नीळकंठ ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसला. "मले मालूम होतं. तू म्हटलं, त्याच दिवशी पुस्तकात पाहून घेतलं होतं."

"मंग बंद काऊन नाही केल्या?"

"तू म्हटलं होतं म्हणून."