मागचा सेन्सर

प्रिय नकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. बोलतेय मी, लिहितोय तुझा बाप. माझी पत्रं लिहून देणारी शेजारची शिवणवाली लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, म्हणून याला गॅरेजमधून धरून आणला, हात धुवायला लावले आणि टेबलाशी बसवला. अट एकच घातलीय. मी बोलेन ते शब्द न् शब्द उतरवायचं, स्वतःबद्दल वाकडं आलं तरी. तो म्हणाला, आई, तुला वाचता येत नाही, मी चार ओळी गाळल्या तर तुला काय कळणार. मी म्हटलं, मला नाही कळणार, वाचणारीला कळेल. मग पेन उचललं. ‘नकटे’ लिहायलासुद्धा कुरकुरला, पोर आता मोठी झाली म्हणे. झाली असेल. नाक वाढलंय का? घराण्याचं सगळं नाक यानेच घेतलं, उरलंसुरलं तुझ्या वाट्याला आलं.

माझं बरं चाललंय. उजवा गुडघा डाव्याशी बोलत नाही, डावा माझ्याशी बोलत नाही, तरी आम्ही तिघं मिळून रोज गॅरेजच्या दारापर्यंत जातो. माझी खुर्ची तिथेच आहे, शटरच्या आत, उन्हाच्या पट्ट्यात. करडी मांजर अजून गरम बॉनेट शोधत हिंडते, पण हल्ली तिला बॉनेटं कमी मिळतात. तुझे हातमोजे खिळ्यालाच टांगलेले आहेत. मी एकदा धुवायला काढले तर तुझा बाप म्हणाला, असू दे. आता हे लिहिताना माझ्याकडे बघतोय. बघू दे.

तू लहान होतीस तेव्हा लोक गाडी घेऊन येत ते याच्या नाकासाठी. हा सायलेन्सरमागे एकदा वाकायचा आणि उठून सांगायचा, ही तेल पितेय, हिला पेट्रोल जास्त होतंय, हिचं रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरतंय, गोडसर वास आहे. मग उघडून बघायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तुझी आई म्हणायची, या माणसापासून लपवून काही खायची सोय नाही. ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरांच्या आधी यालाच कळलं होतं, तिच्या अंगाचा वास बदललाय म्हणून. तेवढं एकच निदान चुकावं म्हणून त्याने देवाला हात जोडले होते. नाही चुकलं.

कापडवाल्याची राखाडी गाडी तू विसरली नसशील. इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून तो आला होता. तू स्कॅनर लावलास आणि मला जवळ बोलावून त्यातल्या रेघा दाखवल्यास. अक्षरं येत नसली तरी रेघा मला कळतात, भरतकाम केलेली बाई आहे मी. तू म्हणालीस, धुराच्या नळीत एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मी त्याला धुराची गाळणी म्हणते आणि तुझा बाप लिहिता लिहिता मान हलवतो, गाळणी नव्हे म्हणे, आतली जाळी विषारी धूर जाळून टाकते. बरं बाबा, जाळते. तर त्या डब्याच्या पुढे एक सेन्सर आणि मागे एक. पुढचा येणारा धूर तपासतो, मागचा बाहेर पडणारा. डबा धडधाकट असला तर पुढच्याची रेघ नाचते आणि मागच्याची शांत राहते. त्या गाडीत दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या नाचत होत्या. डबा मेलाय, असं तू सांगितलंस. तुझा बाप म्हणाला, डबा बिघडला की सडक्या अंड्यांसारखा वास मारतो, मी नाक लावून आलोय, काही वास नाही, मागचा सेन्सरच खोटं बोलतोय.

सेन्सर बदलला. दिवा विझला. कापडवाला खूश होऊन गेला आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा घेऊन परत आला. पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा तेच. मग तू गाडीच्या मागे जाऊन उभी राहिलीस, रुमाल नाकाला, डोळ्यांतून पाणी, आणि त्या कापडवाल्यादेखत म्हणालीस, “बाबा, इथे वासाने उभं राहवत नाही आणि तुम्हाला तो येत नाही. बिघाड सेन्सरमध्ये नाही, तुमच्या नाकात आहे.” तो म्हणाला, “याच नाकाने तुला वाढवलंय. पटत नसेल तर दुसरं गॅरेज बघ.” तू बघितलंस. तुम्हा बापलेकीचा राग एकाच कारखान्यात तयार झालेला, कुठलाही सुटा भाग एकमेकांना बसेल.

पुढचं तुला माहीत नाही. कापडवाल्याने दुसरीकडे गाडी दाखवली. त्यांनी आधी प्लग बदलले, कारण एक प्लग ठिणगी चुकवत होता आणि न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन पेटत होतं. मग डबा बदलला. दिवा गेला तो गेलाच. हे तो स्वतः येऊन सांगून गेला, भला माणूस, आवाज न चढवता. तुझा बाप स्टुलावर बसला आणि बराच वेळ एक पाना पुसत राहिला, जो मुळात मळलेलाच नव्हता. मग म्हणाला, “पोरगी बरोबर होती.” हे तिला सांगू नकोस, असं मला म्हणाला होता. इथे आत्ता त्याचं पेन थांबलंय. मी म्हटलं, अट काय होती? लिहितोय.

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. नासलेलं दूध तो घटाघट प्यायला आणि पेला धुऊन ठेवला. स्वयंपाकघरात गॅसचं बटण उघडं राहिलं होतं आणि हा तिथेच बसून कांदे सोलत होता, मी बाहेरच्या खोलीतून ओरडत आले. पण ज्याने माझी झोप उडाली ते वेगळंच आहे. तुझ्या आईची शाल कपाटात आहे. कधीमधी तो ते कपाट उघडून उभा राहतो, आपण दोघी न बघितल्यासारखं करायचो. मागे एकदा कपाट बंद करून माझ्याकडे आला आणि सांगितलं, आई, तिचा वास गेला गं शालीतून, शेवटी गेलाच. मी तो झोपल्यावर जाऊन शाल तोंडाशी धरली. वास जसाच्या तसा आहे. तिचं तेल, तिचा साबण, ती. मी त्याला काही सांगितलं नाही. आज सांगतेय, त्याच्याच हातून लिहून घेतेय, कारण तोंडावर सांगायचं धाडस मला नाही. आता तो डोळे पुसायला उठलाय. आला. बस रे. लिही.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. शिवणवाली कुठेही गेलेली नाही. तिच्या मशीनची खडखड या क्षणी भिंतीतून येतेय, त्यालाही ऐकू येतेय, तरी तो काही न विचारता लिहायला बसला. प्रत्येक गाडीच्या आरशाला तो बिघाडाची चिठ्ठी अडकवतो ना, ती अक्षरं मला खुर्चीवरून काळ्या भुंग्यांसारखी दिसायची, वाचता आली नाहीत तरी जाड, ऐटबाज. हल्ली ती मुंग्यांसारखी झालीत, आणि ओळीच्या शेवटाला तर मुंगीसुद्धा उरत नाही. उजवा हात तो खिशात ठेवतो. खिशातही तो हात स्वस्थ नसतो, मी बघितलंय. माझ्या गुडघ्यांच्या निमित्ताने मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाले की वास जाणं आणि अक्षर बारीक होत जाणं एकाच माणसाच्या बाबतीत घडत असेल तर त्याला घेऊन या, वेळ लावू नका. माझं तो ऐकत नाही, थकवा आहे म्हणतो. तुझं ऐकेल, कारण तू एकदा त्याला खरं सांगितलं होतंस. फोनवर अक्षर दिसत नाही, म्हणून पत्र. पहिलं पान आणि हे पान शेजारी ठेव आणि मला दाखवलेल्या त्या रेघा बघायचीस तसं बघ. आणि एक. हा परिच्छेद त्याने लिहिला की गाळला ते मला कधीच कळायचं नाही, कागदावर काय आहे ते मी ओळखू शकत नाही. पण नकटे, तू हे वाचत असशील तर त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलंय. तोंडाने तो तुला ये म्हणणार नाही. हेच त्याचं बोलावणं समज.

तुझीच, तुझी वाट बघणारी,
आज्जी

खालचा अंगठा माझा. घरात शाई सापडली नाही, म्हणून त्याच्या नखातलं वंगण लावलंय. कितीही धुतले तरी त्याचे हात एवढं शिल्लक ठेवतात.