डब्यातून आलेला दगड

लकडगंज, नागपूर
२४ जानेवारी २०२५

मार्तंडराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र संक्रांतीलाच मिळालं. फोनवर उत्तर नको, सावकाश लिहा, असं तुम्हीच म्हणालात, म्हणून सावकाश लिहिते आहे. इकडे थंडी छान आहे. शेजारच्या आरा मशीनवर सागवान चिरतात, त्याचा वास सकाळच्या धुक्यात रेंगाळत राहतो. यमुताईंचे गुडघे दुखतात, पण सासूपण शाबूत आहे. कळमेश्वरला तुमचा हरभरा कसा आहे? विहिरीला पाणी?

विहिरीवरून आठवलं. तुमच्या प्रश्नाआधी मला त्या दगडाचं सांगायचं आहे. हसू नका, जन्मभर पोरांना भूशास्त्र शिकवलेली बाई मुद्द्यावर खालच्या थरातूनच येणार.

विहीर खणताना सुरुंगानं काळा कातळ फुटला आणि आतल्या पोकळीत पांढरेशुभ्र, लोकरीसारखे गोळे निघाले. मजूर म्हणाले, कापूस. तुम्ही ओळखलंत, ओकेनाईट नावाचं खनिज. कापसात गुंडाळलं तर तंतू दबतील, म्हणून तुम्ही तो तुकडा तुमच्या घरच्या पुऱ्यांच्या डब्यात बसवलात, नुसत्या काळ्या बाजूला कागदाच्या पाचरी मारून. पांढऱ्याला कशाचाच स्पर्श नाही. मग बसमध्ये डबा मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत आलात. कंडक्टरनं विचारलं तर म्हणालात, दही आहे, धक्का देऊ नका. तेव्हा मी खूप हसले होते. तुम्ही गेल्यावर मात्र हसू आलं नाही. माझ्यासाठी एवढं जपून कोणी काही आणलं नव्हतं.

तेव्हापासून तो काचेच्या झाकणाखाली फडताळावर आहे. रोज सकाळी चहा घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहते. हल्ली गच्चीत उन्हाला बसलं की डोळा लागतो आणि मी त्या पोकळीतच जाते. लाव्हा कधीचा निवालेला असतो, त्यातला बुडबुडा रिकामा राहिलेला. कुठून तरी कोमट पाणी झिरपत येतं, चुना आणि सिलिका घेऊन. अंधारात एकेक सुई उगवते, केसाहून बारीक. ती पाणीही अंगातच ठेवून घेते. कुणाला घाई नसते. बाकी खनिजांच्या सुया वाकवल्या तर मोडतात, ह्या वाकतात. पण एकदा दबून चिकटल्या की परत उभ्या राहत नाहीत. मला स्वप्नात नेहमी वाटतं, पाणी अजून येतंच आहे. मग यमुताईंची हाक येते आणि मी जागी होते.

परवा भाजी घेऊन आले तर काचेचं झाकण बाजूला आणि दगडावर हळद, कुंकू, अक्षता, वरून दुधाची धार. पांढरे गोळे भिजून बसलेले, ओल्या मांजरासारखे. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे काय केलंत, आई?"

"देव व्हय ना तो? तू रोज त्याच्यापुढं उभी राहून राहिली, हात लावत नाही, काचेत ठेवतं. म्हटलं, सुनेनं देव आणला अन् पूजा काहून नाही करत? मंग म्याच केली."

आमच्या घरी कुंकवाचा करंडा आता देवांपुरताच उघडतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी खाली बसले आणि रडले. दगडासाठी रडत नव्हते, हे मलाही जरा वेळानं कळलं.

"काहून रडून राहिली वं? कोणी देल्ला होता?"

"मार्तंडरावांनी."

यमुताईंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला ह्याच क्षणाची भीती होती. माझा नवरा त्यांचा मुलगा. तो गेल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींना धरून घर चालवलं. तुमच्या प्रश्नाला 'हो' म्हणणं म्हणजे त्यांचा हात सोडणं, असं मी धरून चालले होते. म्हणून पत्र लिहायला बसायचे आणि हरभऱ्याच्या पुढं जायचे नाही.

मग त्या म्हणाल्या, "संक्रांतीपासून तू पेन घेऊन बसून राहिली. मले काय दिसत नाही? ज्या डब्यात हे आलं, तो डबा कुठं हाय?"

डबा माळ्यावर होता. रिकामा परत द्यायचा नाही, आणि त्यात घालायचं काय हे मला कधी ठरवता आलं नव्हतं. यमुताईंनी तो घासून घेतला, पुसला आणि काठोकाठ साखर भरली. झाकण दाबून म्हणाल्या, "साखरपुड्याची साखर पोराकडून येते, ही पोरीकडून जाऊ दे. अन् मले इथं टाकून जाऊ नको, मीबी येईन."

दगड आता नमुना म्हणून कुठल्याही प्रयोगशाळेत ठेवता येणार नाही. कुंकू निघत नाही, निघावं असंही मला वाटत नाही. काचेचं झाकण मी परत ठेवलेलं नाही.

तुम्ही उरलेली वर्षं एकत्र काढू या का, असं विचारलंत. हो. मला तुमच्याबरोबर राहायचं आहे, आणि यमुताईंसकट राहायचं आहे. त्यांना सकाळच्या चहात आलं लागतंच, हे आत्ताच सांगून ठेवते.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघी कळमेश्वरला येतो. डबा माझ्या मांडीवर असेल. कंडक्टरनं विचारलं तर मी दही म्हणणार नाही.

तुमची,
शामला