पडण्याची पदविका

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार मी आता शास्त्रशुद्ध घालते. आधी गुडघे, मग कुशीवर, हनुवटी छातीला. मागच्या वेळी घरी आले तेव्हा असा घातला आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.)

तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तू ‘उत्तम’ म्हणणार हे ठरलेलं आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं, हे बाबांकडून कळलं. त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं, की न्हाणीघरात पडल्यापासून तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, वाचनालयातली पुस्तकं शेजारीण आणून देते आणि घरातल्या घरात तू भिंतीला धरून चालतेस. त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. हे पत्र निव्वळ तुझे आभार मानायला लिहिते आहे.

शाळा संपल्यावर मी नाट्यविद्यालयात ‘रंगमंचावरील पतन आणि झुंज’ हा अभ्यासक्रम घेणार असं जाहीर केलं, तेव्हा घरात जे काही झालं त्यालाही झुंजच म्हणायला हवं. बाबांचं म्हणणं, पडायला कॉलेज कशाला, ते तर ही चालायला लागली तेव्हाच फुकटात शिकली. आई नुसती माझ्या कपाळावरच्या जुन्या खुणेकडे बघत राहिली. मग तू आलीस. पिशवी खाली न ठेवताच म्हणालीस, “अरे, पडतात सगळेच. ही निदान शिकून पडेल.” आणि तुझा धाकटा भाऊ हो म्हणेपर्यंत तू खुर्चीतून हलली नाहीस. त्यांनी अख्ख्या जन्मात इतक्या पटकन हार मानलेली मी पाहिली नव्हती.

कॉलेजबद्दल काय सांगू! ‘जिना भाग एक’, ‘जिना भाग दोन’ आणि ‘मूर्च्छा’ हे आमचे विषय. (मूर्च्छेत मी पहिली आले. घरी कोणाला सांगायची सोय नव्हती.) आमचे सर एकदा खरोखरच ओल्या फरशीवरून घसरले. उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, “हनुवटी उघडी राहिली, पाच गुण कापा.” शेजारच्या वर्गात बाहुल्या बनवणं शिकवत. तिथली माझी मैत्रीण आज हात गमावलेल्यांसाठी नकली हात रंगवते, हुबेहूब, शिरांसकट. पलीकडच्या इमारतीत एक मुलगा वास ओळखायला शिकत होता. आम्ही त्याला ‘नाकोबा’ म्हणून छळलं. तो आता पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात रोज सकाळी पाण्याचा वास घेतो आणि त्याने मान हलवल्याशिवाय शहराला पाणी सुटत नाही. तेव्हा आमच्यात वाया गेलेलं असं कुणी नाही, हे बाबांना जमलं तर सांग.

मला पहिली नोकरी मिळाली ती नाटकात. दुसऱ्या अंकात खलनायकाने मला जिन्यावरून ढकलायचं, मी गडगडत खाली यायचं आणि डोळे उघडे ठेवून मरायचं. वाक्य एकही नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एके दिवशी तुझा भाऊ न सांगतासवरता नाटकाला आला आणि नेमका पहिल्या रांगेत बसला. मी पडले. नाट्यगृह चिडीचूप. आणि त्या शांततेत, “अहो, थांबवा हे!” म्हणत बाबा थेट रंगमंचावर. माझ्याशेजारी गुडघे टेकून विचारतात, “लागलं का गं?” मी ओठ न हलवता पुटपुटले, “बाबा, मी मेलेय, तुम्ही जा.” कशाचं काय! त्यांनी मला उचललंच. खलनायक बिचारा मुळात भला माणूस, त्याने उचलायला माझे पाय धरले. पडदा पडला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने मला नारळ दिला.

पण म्हणतात ना, जे होतं ते बऱ्यासाठी. बाबांची समजूत पटेना म्हणून प्रेक्षकांतल्या एक हाडांच्या डॉक्टरीणबाई आत येऊन मला तपासून गेल्या होत्या. साधं खरचटलंही नाही, हे पाहून त्यांनी मला कसं पडतेस ते पुन्हा करून दाखवायला लावलं. आणि म्हणाल्या, माझा अख्खा वॉर्ड पडायला न शिकलेल्या माणसांनी भरलाय, तू येतेस का? तर आत्या, आता मी इस्पितळाच्या तळमजल्यावर गाद्या अंथरून आजीआजोबांना पडायला शिकवते. सगळे मला ‘पडबाई’ म्हणतात.

पडणं तसं सोपं आहे गं. हात पुढे टाकायचा नाही, अंग सैल सोडायचं. अवघड आहे ती लाज. माझी म्हातारी मंडळी गादीवर पडतात आणि छताकडे बघून आधी म्हणतात, “काही नाही, काही नाही.” म्हणून आम्ही पडण्यापेक्षा उठणंच जास्त शिकवतो. कुशीवर वळा, रांगा, खुर्ची गाठा, उठा. एक निवृत्त तिकीट तपासनीस कित्येक वर्षांत जमिनीवर बसले नव्हते. परवा ते कुणाचाही हात न धरता उठले, सगळ्यांकडे पाहिलं आणि हौसेने परत खाली बसले. मला त्या क्षणी तुझी इतकी आठवण आली, की डोळे भरून आले. तू त्या दिवशी आली नसतीस तर मी आज कुठल्याशा कचेरीत जांभया देत असते. तुझे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

थोरांना नमस्कार. लहान आपल्याकडे आता कुणी उरलेलं नाही.

तुझी,
पडबाई

ता. क. बाबांनीही माझ्या वर्गात नाव घातलंय. पोतं टाकल्यासारखे पडतात आणि वर मलाच शिकवतात.

ता. क. अवाक्षर काढणार नाही म्हणाले होते, ते राहू दे. बाबा रोज सकाळी तुला फोन करून ढग आलेत का विचारतात ना? तुमच्या दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर, ढग वेगळा कुठून येणार? तू फोन उचलेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. सोमवारी नवा वर्ग सुरू होतोय. ते तुला न्यायला येतील, नाही म्हणू नकोस.

ता. क. पहिल्या दिवशी कुणालाच पडायला लावत नाही. तू सावकाश खाली यायचंस. मी शेजारच्या गादीवर आडवी होईन आणि छताकडे बघत आपण हव्या तितक्या गप्पा मारू. मग तू उठायचंस. मी हात देणार नाही. बाबा द्यायला धावतील, पण त्यांचे दोन्ही हात मी घट्ट धरून ठेवीन.